ठिपक्यांच्या वहीत सोलापूरचे महिने

ठिपक्यांची वही आता सोलापुरातही सहज मिळते. ए-फाइव्ह आकार, जाड पुठ्ठ्याचं कव्हर आणि आत ओळींऐवजी पाच-पाच मिलिमीटरवर छापलेले फिकट राखाडी ठिपके. कॉलेजातल्या मुली, शिक्षिका, नोकरीतले तरुण ती घेतात. महिना सुरू झाला की एका पानावर महिन्याचं नाव लिहितात, समोरच्या पानावर तारखांचे चौकोन आखतात आणि मोकळ्या जागेत जलरंगांनी छोटी छोटी चित्रं काढतात. हा छंद पश्चिमेकडून आला, यात वावगं काहीच नाही. पण येताना तो तिकडचे ऋतूही घेऊन आला. ऑक्टोबरच्या पानावर भोपळे आणि मेपलची लाल पानं, डिसेंबरला बर्फाचा माणूस, मार्चला चेरीचा गुलाबी बहर. सोलापुरात ऑक्टोबरात शेतकरी ज्वारीच्या पेरणीत असतो, मार्चमध्ये कडुनिंब नवी पालवी धरतो, आणि डिसेंबरात अंगावर घ्यायला चादर काढण्याइतकीच थंडी पडते. वहीवर नाव सोलापूरच्या माणसाचं आणि आत ऋतू दुसऱ्याच गावाचे, ही विसंगती मला फार दिवस खटकते आहे. या छंदाबद्दल जे शिकवलं जातं त्यातलं आपल्या कामाचं किती, आणि जे शिकवलं जात नाही असं आपल्याजवळ काय आहे, याचा हा आढावा.

मूळ शोधायला गेलं तर या वहीत चित्रं नव्हतीच. अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये राहणारा डिजिटल डिझायनर रायडर कॅरल याने ‘बुलेट जर्नल’ ही पद्धत २०१३ साली लोकांपुढे ठेवली, २०१८ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. लहानपणापासून त्याचं लक्ष एका जागी टिकत नसे, त्यावर त्याने स्वतःपुरता काढलेला हा तोडगा. करायच्या कामाला टिंब, नोंदीला आडवी रेघ, ठरलेल्या प्रसंगाला छोटं वर्तुळ. महिना संपला की राहिलेली कामं चाळायची, हवी ती पुढे न्यायची, नको ती खोडायची. सजावट नंतरच्या लोकांनी आणली आणि तेव्हापासून दोन पक्ष पडले. एक म्हणतो, रंगवण्यात वेळ जातो आणि वही लिहायची राहते. दुसरा म्हणतो, पान देखणं असेल तरच वही उघडावीशी वाटते. चित्रांच्या बाजूने एका प्रयोगाचा दाखला हटकून दिला जातो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांनी ४० जणांना एक रटाळ टेलिफोन संदेश ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रेघोट्यांनी भरायला सांगितले. आकार भरणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त तपशील आठवले. प्रयोग चांगला आहे, पण तो रेघोट्यांचा आहे. तास-दीड तास बसून गुलमोहर रंगवण्याला तो लावणं ही ओढाताण झाली. जलरंगातल्या चित्राचं समर्थन वेगळंच आहे, आणि मला ते पुरेसं वाटतं: चित्र काढायचं म्हणजे वस्तू आधी नीट बघावी लागते. कडुनिंबाची कोवळी पानं हिरवी नसून तांबूस असतात, हे रोज त्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यालाही ब्रश हातात धरल्यावरच दिसतं.

साहित्याबद्दल थोडक्यात. साध्या वहीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, जलरंगाचा खास कागद ३०० जीएसएमचा. पहिल्यावर पाणी पडलं की तो फुगतो, सुरकुततो, रंग मागच्या पानावर उतरतो. १६० जीएसएमच्या वह्या मिळतात, त्या बऱ्याच निभावतात, तरी त्यांच्यावरही ओल्यावर ओला रंग सोडण्याची चैन परवडत नाही. ब्रश पाण्यात बुडवून फडक्यावर टिपायचा आणि ओलसर टोकानेच रंगवायचं. दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे: चित्र जाड कागदाच्या तुकड्यावर काढायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि डबल साइड टेपने वहीत चिकटवायचं. पातळ डिंकाने किंवा फेविकॉलने चिकटवलं तर त्यातल्या पाण्याने पान पुन्हा सुरकुततं. बाह्यरेषेसाठी वॉटरप्रूफ शाईचं पेन घ्यावं. साध्या जेल पेनच्या रेषेवर पाणी गेलं की ती पसरते. रंगांसाठी परदेशी डबीच पाहिजे असं काही नाही. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या ‘कॅमल’ रंगांवर महाराष्ट्रातल्या पिढ्यांनी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या आहेत. त्या परीक्षांचा एक मोठा फायदा असा, की आपल्याकडच्या कितीतरी माणसांच्या हाताला ब्रश नवा नाही. फक्त तो शाळा सुटली तेव्हा खाली ठेवलेला असतो.

सोलापूरच्या हवेचं मात्र कुठल्याच शिकवणीत काही येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. दुपारी पंख्याखाली आकाशाचा एक सपाट हात मारायला गेलं, तर दुसरा फटका पोचेपर्यंत पहिल्याची कड वाळलेली असते आणि पानभर पट्टे उठतात. उन्हाळ्यातली चित्रं सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर काढावीत, आणि मोठ्या सपाट जागा टाळून छोट्या आकारांवर भागवावं. त्याच हवेचा फायदाही आहे: रंगाचा दुसरा थर चढवायला थांबावं लागत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात ज्याला अर्धा तास लागेल ते इथे मे महिन्यात काही मिनिटांत होतं.

आता ठिपक्यांकडे येऊ, कारण इथे आपण कुणाचे शिष्य नाही. ठिपके मांडून त्यांच्या आधाराने आकृती काढणं सोलापूरच्या अंगणांत रोजचं आहे, आणि तेही दोन तऱ्हांनी. मराठी घरांत बहुधा ठिपके जोडून रांगोळी होते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक विणकर कुटुंबांच्या मुग्गू या रांगोळीत रेघ ठिपक्याला न शिवता त्याला वळसा घालून जाते आणि फिरून सुरुवातीला येऊन मिळते. दोन्ही तऱ्हा वहीत बसतात, थोडा हिशेब केला तर. वहीचे ठिपके सरळ ओळीतले असतात, त्यामुळे ‘नऊ ते नऊ’ अशा चौकोनी रांगोळ्या तशाच उतरतात. ‘अकरा ते सहा’ सारख्या, दोन ठिपक्यांच्या मध्ये पुढचा ठिपका येणाऱ्या रांगोळीला एक युक्ती करावी लागते: प्रत्येक ओळीत एक ठिपका घ्यायचा, एक सोडायचा, पुढची ओळ दोन ओळी सोडून नव्हे, एक ओळ सोडून घ्यायची आणि तिथे एका ठिपक्याने सरकून सुरुवात करायची. कमळ किंवा षटकोन किंचित उभट येतो, पण डोळ्याला खुपत नाही. वळशाच्या रेघेला तर पातळ ब्रशच हवा. रेघ न तोडता एका दमात काढली की तिच्यात रंग कुठे गडद, कुठे फिका होत जातो आणि पेनाच्या रेघेत कधी न येणारा जिवंतपणा येतो.

तारखांच्या चौकोनांचंही गणित इथेच सांगून टाकतो. ए-फाइव्ह पान १४८ मिलिमीटर रुंद. सात वारांना प्रत्येकी चार घरं दिली की २८ घरं, म्हणजे १४० मिलिमीटर. बरोब्बर बसतं. आठवड्यांच्या सहा ओळी, प्रत्येकी चार घरं उंच, म्हणजे १२ सेंटिमीटर. पानाची उंची २१ सेंटिमीटर आहे, वारांची नावं आणि समास धरला तरी चित्राला सात-आठ सेंटिमीटरची पट्टी उरते. सोलापूरचं क्षितिज तसंही आडवंच आहे. त्या आडव्या पट्टीत माळरान सुरेख बसतं.

ठिपक्यांवरून नक्षीचा आणखी एक धागा सोलापुरात आहे. इथली जकार्ड चादर मागावर जाण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकट म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एक गाठभेट. त्या हिशेबाने मोर असो, वेल असो, सगळं पायऱ्यापायऱ्यांनी काढावं लागतं. जुनी चादर समोर पसरून तिच्या काठाची नक्षी ठिपक्यांवर मोजून उतरवणं हा वहीच्या समासासाठी उत्तम अभ्यास आहे. दोन रंगांत होतो, आणि बाजारात मिळणाऱ्या स्टिकरपेक्षा कितीतरी अस्सल दिसतो.

महिन्याचं पान ही कल्पनाही आपल्याकडे आयती आलेली नाही. चैत्रात गौर बसल्यावर अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात काढतात ते चैत्रांगण आठवा: झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन, शंख, कासव, नाग, गोपद्मं. एका महिन्यासाठी, ठरलेल्या चिन्हांनी भरलेलं ते पानच आहे. श्रावणात भिंतीवर जिवतीचा कागद लागतो, नागपंचमीला पाटावर नाग काढले जातात, दिवाळीत वसुबारसेची गाय. घरातल्या बायकांनी हे वर्षचक्र चित्रांतून सांभाळलं, त्यावर कुणी सही केली नाही. वहीचे विषय शोधायला परदेशी पानं चाळण्याआधी आजीला विचारावं, असं मी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना सांगतो.

तरीही सण म्हणजे ऋतू नव्हे, आणि सोलापूरचे ऋतू पुस्तकातल्यासारखे नाहीत. जुलै आला की पानावर छत्री आणि कोसळणारा पाऊस काढायची पद्धत आहे. ते चित्र कोकणाचं. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. जूनच्या सुरुवातीला वळीव आणि मृगाच्या सरी, जुलैत बरेचदा नुसता वारा आणि पळते ढग, आणि खरा मोठा पाऊस सप्टेंबरात. त्या परतीच्या ओलीवर इथली रब्बी ज्वारी उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी ३५-१ आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची ज्वारी यांची पाळंमुळं त्या सप्टेंबरात आहेत. म्हणून जुलैच्या पट्टीत करडे ढग, कोरडं माळ आणि पंढरपूरच्या वाटेवरच्या भगव्या पताका असाव्यात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना सोलापूर शहरातून जाते, त्यामुळे ते दृश्य कुणाला लांब जाऊन बघावंही लागत नाही. गडद पाऊस सप्टेंबरच्या पानासाठी राखावा.

जानेवारी हा सोलापूरचा सगळ्यात भरलेला महिना. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा. सात नंदीध्वज, तेराला तैलाभिषेक, चौदाला संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. हा प्रसंग रंगवणं जलरंगाची खरी परीक्षा आहे, कारण मिरवणुकीतली माणसं पांढऱ्या बाराबंदीत असतात आणि जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. आधी पेन्सिलीने बाराबंदीचा आकार हलका काढावा. मग माणसाला हात न लावता त्याच्या मागचं रंगवावं: तलावाचं हिरवट निळं पाणी, गर्दीचे मिसळलेले ठिपके. पांढरी आकृती आपोआप पुढे येते. शेवटी काखेतल्या चुण्यांना आणि बाहीच्या आतल्या बाजूला पाणीदार जांभळट निळ्याचा एकेक स्पर्श, आणि डोक्याला फेटा. एवढ्यावर थांबावं. महिन्याच्या उरलेल्या जागेत हुरड्याचं कणीस, भोगीची भाजी, शेंगापोळी यांना जागा आहे. १२ जानेवारीच्या चौकोनात मात्र चित्र नको. १९३१ साली त्या दिवशी स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चौघे येरवडा तुरुंगात फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे ही नावं लिहिली की तो चौकोन पुरा होतो.

बाकीचे महिने भरभर घेतो. फेब्रुवारीत ज्वारीची काढणी आणि कडब्याच्या पेंढ्या. त्यांचा फिका पिवळा रंग डबीतल्या पिवळ्यात थेट सापडत नाही, पिवळ्या मातीच्या रंगात भरपूर पाणी घालावं लागतं. मार्चमध्ये पळस आणि रंगपंचमी. एप्रिलात कडुनिंबाचा मोहर, इतका बारीक की नुसते ठिपके सोडावेत. मे म्हणजे गुलमोहर आणि बहावा. जूनला पहिल्या पावसानंतर मातीवर दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा. काळ्या मातीच्या पट्टीवर तो एक थेंब पुरेसा आहे. ती काळी माती रंगवताना डबीतला काळा वापरू नये, तो मेलेला दिसतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळले की ओल्या रेगडाचा जिवंत काळा मिळतो. ऑगस्टला नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव. नवरात्राच्या आगेमागे माळावर तरवड पिवळा होतो. तेलुगू घरांत बतुकम्माची फुलांची उतरंड रचायला तोच लागतो आणि मराठी घरांत घटाच्या माळेलाही तो चालतो. एकाच फुलाने शहराच्या दोन भाषा जोडलेल्या आहेत, त्याचं चित्र त्या पानावर असायलाच हवं. कोजागरीला तुळजापूरची पायी वाट. थंडीत उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी. नान्नजचं माळरान वर्षभर. माळढोकासाठी ते १९७९ साली राखीव झालं. माळढोक आता तिथे दिसणं फार दुर्मीळ झालं आहे, पण काळवीट आणि गवताचे बदलते रंग आहेत, आणि गवत रंगवायला शिकणं हे स्वतंत्र शिक्षण आहे.

एक अडचण सगळ्यांनाच येते. वही जानेवारी ते डिसेंबर चालते आणि सण तिथीने. २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरात होती, २०२६ ची नोव्हेंबरात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आल्याने पुढचं सगळं सरकलं. ज्याने नोव्हेंबरच्या पानावर कंदील छापील नमुना म्हणून ठरवून टाकला, त्याची पंचाईत होते. सोलापूरकराला याचं उत्तर घरातच आहे. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेलं दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षं याच गावातून निघतं आहे. महिन्याचं पान आखताना ते शेजारी ठेवावं. संक्रांत आणि पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून ती दरवर्षी त्याच तारखांच्या आसपास येतात. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राला पंचांगात वाहन दिलेलं असतं: घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस चांगला, अशी शेतकऱ्यांची धारणा. जून ते ऑक्टोबर प्रत्येक महिन्यात दोन-तीन वाहनं मिळतात. तारखेच्या चौकोनात मावेल एवढं, चित्रकला न येणाऱ्यालाही जमेल असं, आणि दरवर्षी बदलणारं याहून चांगलं डूडल मला तरी कुठे सापडलेलं नाही. वाहनाखाली त्या पंधरवड्यात खरंच किती पाऊस झाला तेही लिहावं.

इथे मुख्य मुद्द्याशी येतो. बहुतेक शिकवण्या सांगतात की महिना सुरू होण्याआधी पान सजवून तयार ठेवा. मला हे पटत नाही. आधीच काढलेलं चित्र म्हणजे महिना कसा असावा याची कल्पना. महिना कसा गेला ते त्यात येत नाही. मग चेरीचा बहर आणि गुलमोहर यांत फरक उरत नाही, दोन्ही कुणाच्या तरी चित्रावरून घेतलेले. चौकोन आधी आखावेत, चित्राची पट्टी कोरी ठेवावी आणि दिसेल तसं भरत जावं. या रीतीचे थोर नमुने आहेत. एडिथ होल्डन या इंग्रज चित्रकर्तीने १९०६ साली आपल्या परिसरातली फुलं-पाखरं महिन्यावार जलरंगांत आणि नोंदींत उतरवली. ती वही तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी, १९७७ साली छापली गेली आणि जगभर गाजली. तिचं महत्त्व तिच्या नाजूक चित्रांइतकंच तारखांत आहे: अमुक फूल अमुक दिवशी दिसलं. मराठीत दुर्गाबाई भागवतांनी १९५६ च्या ‘ऋतुचक्र’ मध्ये चैत्रापासून एकेक महिना असाच डोळ्यांनी टिपला, रंग शब्दांचे. आणि सोलापूरकरांना तर लांब जायलाच नको. मारुती चितमपल्ली १९३२ साली इथेच जन्मले, वनखात्यातल्या नोकरीत जंगलात राहून वह्यांमध्ये नोंदी करत राहिले, त्यांतून ‘पक्षीकोश’ आणि ‘चकवाचांदण’ सारखी पुस्तकं उभी राहिली. २००६ साली सोलापूरला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि जून २०२५ मध्ये त्यांनी शेवटचा श्वासही सोलापुरातच घेतला. त्यांच्या गावात नोंदवही ठेवणाऱ्याने ऋतू उसने आणावेत, हे बरं दिसत नाही.

चित्र चांगलं येत नाही म्हणून थांबलेल्यांना एवढंच सांगेन, की तारीख आणि जागा लिहिलेलं कच्चं चित्र हे तारीख नसलेल्या सुबक चित्रापेक्षा मोलाचं असतं. तीन-चार वर्षांच्या वह्या एकत्र ठेवल्या की कडुनिंबाचा मोहर कोणत्या वर्षी लवकर आला, तरवड कधी फुलला, पहिला मोठा पाऊस कधी पडला हे आपोआप समोर येतं. हवामान बदलाबद्दल आपण इतकं बोलतो. आपल्या गल्लीतल्या झाडांच्या तारखा मात्र कुणाकडेच नसतात.

येत्या महिन्यासाठी घराजवळचं एक झाड ठरवा. तारखांचे चौकोन आजच आखून घ्या, वरची पट्टी कोरी सोडा, आणि दर रविवारी त्या झाडाचं एक पान किंवा एक फांदी रंगवून खाली तारीख घाला.